दुर्बिणीमागचा माणूस

आपल्याकडे चार माणसे जमली आणि आजारपणाच्या गोष्टी निघाल्या, की एक शब्द हमखास कानी पडतो. तो शब्द म्हणजे दुर्बीण. कुणाच्या पित्ताशयातले खडे दुर्बिणीतून काढलेले असतात, कुणाच्या आजोबांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन दुर्बिणीतून झालेले असते, तर कुणाच्या नातवाच्या मूत्रपिंडातला जन्मजात दोष दुर्बिणीतून दुरुस्त केलेला असतो. डॉक्टरांच्या लांबलचक इंग्रजी शब्दांच्या वाटेला न जाता आपल्या माणसांनी हा जुना शब्द उचलला आणि त्यात काही चूक केली नाही. पोटात किंवा मूत्रमार्गात शिरणारी ती बारीक, सरळ नळी खरोखरच एक छोटी दुर्बीण असते. डॉक्टर मंडळीही आपसात बोलताना तिला टेलिस्कोपच म्हणतात.

ही दुर्बीण आज ज्या रचनेवर चालते, ती रचना करणारा माणूस मात्र डॉक्टर नव्हता. त्याने कधी हातात सुरी धरली नाही. तो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता, भिंगांचे गणित मांडणारा. हॅरॉल्ड हॉपकिन्स हे त्याचे नाव. २२ ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांचे निधन झाले, त्याला आता तीन दशके उलटून गेली. जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत त्यांचे नाव अजून रोज घेतले जाते, पण बाहेर, ज्यांच्या मुलाबाळांना त्यांच्या कामाचा लाभ झाला त्या घरांत, ते कुणाला फारसे ठाऊक नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट.

हॅरॉल्डचा जन्म ६ डिसेंबर १९१८ चा. पहिले महायुद्ध संपून जेमतेम महिना झाला होता. लंडनच्या गरीब वस्तीतले घर, परिस्थिती बेताची. अशा घरातला मुलगा चौदा-पंधराव्या वर्षी कुठल्यातरी कारखान्यात चिकटायचा, हा त्या काळचा रिवाज. पण मुलगा विलक्षण हुशार निघाला आणि लेस्टर परगण्यात त्याला शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या जोरावर तो गेटवे स्कूल या चांगल्या शाळेत पोचला. त्याचा ओढा खरे तर भाषा आणि कलाविषयांकडे होता. त्याच्या गणितातली चमक हेडमास्तरांनी हेरली आणि त्याला विज्ञानाच्या वाटेला लावले. शिष्यवृत्तीवर शिकलेली आणि एखाद्या मास्तरांच्या पारखी नजरेने आयुष्याला वळण मिळालेली माणसे आपल्याकडेही गावोगाव सापडतील. त्यांना हा प्रसंग निराळा समजावून सांगायला नको.

लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९३९ मध्ये हॉपकिन्स पहिल्या वर्गात पदवीधर झाले. पुढे अणुविज्ञानात संशोधन करायचे ठरले होते, तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि तो बेत बारगळला. मग त्यांनी लेस्टरमधल्याच टेलर, टेलर अँड हॉब्सन या भिंगे बनवणाऱ्या नामांकित कंपनीत नोकरी धरली. भिंगांशी त्यांची गाठ पडली ती अशी, नाइलाजाने. मधे थोडा काळ लष्करात भरतीही झाली, पण या माणसाची जागा चुकली आहे हे लवकरच लक्षात येऊन त्यांना पुन्हा भिंगांच्या कामावर बसवण्यात आले. युद्धाच्या धामधुमीतच अभ्यास करून १९४५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९४७ पासून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात संशोधन करू लागले आणि शिकवूही लागले.

त्यांच्या पहिल्या मोठ्या कामाचा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. टीव्हीवर क्रिकेटचा सामना चालू असताना सगळे मैदान दिसता दिसता एकदम फलंदाजाचा चेहरा जवळ येतो, ती किमया झूम भिंगाची. त्यापूर्वी टीव्हीच्या कॅमेऱ्यावर तीन-चार निरनिराळी भिंगे एका फिरत्या चकतीवर बसवलेली असत. जवळचे दाखवायचे तर चकती फिरवायची, आणि तेवढ्या वेळात चित्र तुटायचे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस हॉपकिन्स यांनी बीबीसीच्या बाह्य चित्रीकरणासाठी एकच झूम भिंग तयार केले. असे भिंग त्याआधी कुणी केलेच नव्हते असे नाही, पण इतके स्वच्छ चित्र त्यातून येत नसे. एवढ्या एका कामावर दुसरा कोणी आयुष्यभर समाधानाने बसला असता.

१९५१ मध्ये एका मेजवानीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर ह्यू गेन्सबरो नावाचे डॉक्टर होते. लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलात ते पोटाच्या विकारांवर उपचार करीत. बोलता बोलता त्यांनी आपली अडचण सांगितली. जठर आतून पाहण्यासाठी त्या काळी जी नळी मिळे, ती जवळजवळ ताठच असे. रोग्याने मान मागे टाकून ती गिळायची, म्हणजे तलवार गिळणाऱ्या डोंबाऱ्याचाच प्रकार. रोग्याचे हाल होत, अन्ननलिकेला इजा होण्याचा धोका असे, आणि एवढे करून जठराचा काही भाग दिसतच नसे. सापासारखी वळणारी, तरीही डोळ्याला चित्र दाखवणारी नळी करता येणार नाही का, असे त्यांना विचारायचे होते.

मेजवानीतल्या असल्या तक्रारी आपण मान डोलावून ऐकतो आणि हात धुताना विसरतो. हॉपकिन्स ती तक्रार घरी घेऊन गेले. त्यांच्या डोक्यात काचेचे धागे आले. केसाइतका बारीक ओढलेला काचेचा धागा लवचिक असतो. त्याच्या एका टोकातून शिरलेला प्रकाश आतल्या आत भिंतींवर आपटत, परावर्तित होत, धागा वळेल तसा वळून दुसऱ्या टोकाशी बाहेर पडतो. असे हजारो धागे एकत्र बांधले आणि दोन्ही टोकांना त्यांचा क्रम तोच ठेवला, तर प्रत्येक धागा चित्राचा एकेक ठिपका वाहून नेईल आणि पलीकडे सगळे चित्र उमटेल.

या कामाला त्यांना एक साथीदार मिळाला, तो आपल्या देशातला. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले आणि आग्रा विद्यापीठात शिकलेले नरिंदरसिंग कपानी हे तरुण सरदारजी त्यांच्या हाताखाली संशोधनाला आले. दोघांनी मिळून धाग्यांच्या जुड्या बांधल्या, आणि २ जानेवारी १९५४ च्या नेचर या विख्यात नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. यात कोणाची कल्पना किती, यावरून पुढे गुरुशिष्यांत कटुता आली. कपानी अमेरिकेला गेले, त्यांनी फायबर ऑप्टिक्स हा शब्द रूढ केला आणि या विषयाचे जनक म्हणून नाव मिळवले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. शोध दोघांच्या हातून लागला असेल तर श्रेयाचे दोन सारखे वाटे करता येत नाहीत, हा घरातल्या वाटण्यांसारखाच जुना अनुभव आहे.

त्यांच्या धाग्यांमध्ये एक उणीव होती. शेजारचे धागे एकमेकांना चिकटले की एकाचा प्रकाश दुसऱ्यात झिरपे. निबंध वाचून अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले बेझिल हर्शोविट्झ कामाला लागले. त्यांच्या चमूने प्रत्येक धाग्यावर वेगळ्या काचेचे वेष्टण चढवले आणि १९५७ मध्ये वळणारी नळी जठरात उतरवली. आज एंडोस्कोपी म्हणून आपण जी तपासणी करून घेतो, तिचा उगम असा त्या मेजवानीत आहे.

आता मूत्रपिंडाकडे वळतो. जठराच्या डॉक्टरांनंतर काही वर्षांनी हॉपकिन्स यांच्याकडे दुसरी तक्रार आली, ती लिव्हरपूलचे मूत्रविकारतज्ज्ञ जेम्स गाऊ यांची. मूत्राशय आतून पाहण्याची सरळ दुर्बीण तेव्हाही होती. माक्स निट्झे या जर्मन डॉक्टराने १८७७ मध्ये ती दाखवली होती. धातूच्या लांब नळीत ठराविक अंतरावर बारीक भिंगे बसवायची आणि मूत्राशयात शिरणाऱ्या टोकाशी दिवा लावायचा, ही तिची रचना. सुधारणा होत गेल्या तरी मूळ घडण ऐंशी वर्षे तीच राहिली. चित्र अंधूक दिसे, कडेला धूसर होई. गाऊ यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचे फोटो काढून ठेवायचे होते, म्हणजे गाठ वाढली की कमी झाली हे पुढच्या खेपेला ताडून पाहता येईल. पण फोटो निघण्याइतका प्रकाश त्या नळीतून बाहेर येतच नव्हता.

हॉपकिन्स यांनी गणित मांडले. थोडीफार डागडुजी करून भागणार नव्हते, प्रकाश अनेक पटींनी वाढायला हवा होता. मग त्यांनी जे केले ते ऐकायला इतके सोपे आहे, की हे आधी कुणाला कसे सुचले नाही असे वाटावे. जुन्या नळीत हवा जास्त आणि काच कमी. लांब पोकळीत मधूनमधून काचेची बारीक भिंगे. हॉपकिन्स यांनी ते उलटे केले. काच जास्त आणि हवा कमी. नळीत त्यांनी काचेच्या लांब कांड्या एकापुढे एक ठेवल्या आणि त्यांच्यामध्ये हवेची लहानशी फट सोडली. प्रकाश हवेतून काचेत शिरताना वाकतो, तसा काचेतून हवेत येतानाही वाकतो. तेव्हा दोन कांड्यांमधली ती हवेची फटच भिंगाचे काम करू लागली.

याचे फायदे एकापाठोपाठ एक उलगडत गेले. काचेतून प्रकाश हवेपेक्षा अधिक चांगला पुढे नेता येतो. बारीक भिंगे जागच्या जागी धरून ठेवायला पूर्वी आत दुसरी नळी लागे आणि ती जागा खाई. लांब कांडी आपली आपणच सरळ बसते, त्यामुळे ती जागा मोकळी झाली. कांड्यांची टोके अचूक घासता येत आणि त्यांवर परावर्तन रोखणारा लेप देता येई. चित्र लख्ख झाले, रंग खरे दिसू लागले. उजेडाची व्यवस्थाही बदलली. नळीच्या टोकाशी तापणारा दिवा गेला. दिवा बाहेर ठेवायचा आणि त्याचा प्रकाश काचेच्या धाग्यांमधून आत न्यायचा. अशा रीतीने हॉपकिन्स यांच्या आयुष्यातली दोन कामे एकाच बारीक नळीत एकत्र आली. धाग्यांनी उजेड आत न्यायचा आणि कांड्यांनी चित्र बाहेर आणायचे.

या रचनेचे पेटंट १९५९ चे. आणि त्यानंतर सुरू झाली पायपीट. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या उपकरण कंपन्यांना यात रस वाटला नाही. जुन्या नळ्या खपत होत्या, डॉक्टर त्यावर काम भागवत होते, मग नवी यंत्रसामग्री कशाला घालायची? मी बँकेत आयुष्य काढले. कर्जाच्या अर्जात तारण काय, असा रकाना असतो. त्यात जमीन लिहिता येते, इमारत लिहिता येते, सोने लिहिता येते, पण कागदावरची कल्पना लिहायची सोय नसते. त्या कंपन्यांच्या साहेबांनीही बहुधा तोच रकाना पाहिला असावा. आकड्यांच्या हिशेबात ते चूक नव्हते, पण त्यांच्या हिशेबात रोग्याची बाजू मांडलेलीच नव्हती.

अखेर १९६५ मध्ये जर्मनीतल्या टुटलिंगेन या लहान गावाचे कार्ल स्टोर्झ पुढे आले. शस्त्रक्रियेची हत्यारे घडवण्यासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. बाहेरच्या दिव्याचा थंड प्रकाश धाग्यांतून शरीरात नेण्याची कल्पना स्टोर्झ यांनी आधीच उचलली होती. हॉपकिन्स यांच्या कांड्या पाहताच त्यांना तिचे मोल कळले. १९६७ च्या सुमारास नवी दुर्बीण बाजारात आली आणि पाहता पाहता तिने जुन्या नळीला हटवले.

गाऊ यांनी मागितली होती ती प्रौढांच्या मूत्राशयासाठी. पण तिने सर्वांत मोठे उपकार केले ते बोलताही न येणाऱ्या बाळांवर. दुर्बीण बारीक करावी तसा तिच्यातला प्रकाश झपाट्याने घटतो. जाडी निम्मी केली तर प्रकाश निम्मा होत नाही, त्याहून कितीतरी कमी होतो. म्हणून जुन्या पद्धतीची नळी बाळाच्या मापाची केली की तीतून धड काही दिसत नसे. हॉपकिन्स यांच्या रचनेत प्रकाश इतका मुबलक होता, की दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीतूनही स्पष्ट दिसू लागले.

हे किती मोलाचे आहे ते कळण्यासाठी जन्मजात दोष कसे असतात ते थोडे पाहू. गर्भात मूत्रपिंडे आधी खाली ओटीपोटात तयार होतात आणि मग वर सरकत आपल्या जागी येतात. या प्रवासात आणि घडणीत चुका होतात. कुणाला एकच मूत्रपिंड असते. कुणाची दोन्ही खालच्या बाजूला जोडली जाऊन घोड्याच्या नालासारखी होतात. कुणाच्या मूत्रपिंडातून लघवी खाली नेणारी नळी सुरुवातीलाच अरुंद असते, त्यामुळे लघवी तुंबून मूत्रपिंड फुगते. कुणाच्या मूत्राशयातली लघवी उलटी वर चढते. आणि काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतःच पातळ पडद्यासारखी झडप असते. अमेरिकन शल्यविशारद ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ मध्ये या झडपांचे पद्धतशीर वर्णन केले. पडदा असतो पातळसा, पण त्याने अडलेली लघवी मागे मागे दाब देत राहते आणि दोन्ही मूत्रपिंडांचे नुकसान होत जाते.

या पडद्यापर्यंत पोचायचे तर पूर्वी बाळाचे पोट किंवा खालची बाजू उघडावी लागे, नाहीतर अंदाजाने काम करावे लागे. बारीक दुर्बीण आली तेव्हा डॉक्टर मूत्रमार्गातूनच आत गेले, पडदा डोळ्यांनी पाहिला आणि नेमका तेवढाच कापला. बाहेरून एक टाकाही नाही. १९८४ मध्ये डब्लिनच्या बॅरी ओडोनेल आणि प्रेम पुरी यांनी उलट्या चढणाऱ्या लघवीवर असाच उपाय प्रसिद्ध केला. दुर्बिणीतून पाहत नळीच्या तोंडाखाली टेफ्लॉनचे इंजेक्शन द्यायचे, म्हणजे तोंडाला आधार मिळून लघवी मागे फिरत नाही. टेफ्लॉनची जागा पुढे अधिक सुरक्षित द्रव्यांनी घेतली, पण पद्धत टिकली.

मग दुर्बीण पोटाच्या भिंतीतूनही मूत्रपिंडापर्यंत पोचली. जून १९९० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस येथे राल्फ क्लेमन यांच्या चमूने लहान छिद्रांतून अख्खे मूत्रपिंड काढले. १९९३ मध्ये दोन अमेरिकन चमूंनी अरुंद नळीचा भाग कापून नवा जोड घालण्याची शस्त्रक्रिया छिद्रांतून केल्याचे प्रसिद्ध केले. लवकरच ती लहान मुलांतही होऊ लागली. पूर्वी यासाठी कुशीवर लांब छेद घ्यावा लागे. आता पोटावर दोन-चार लहान खुणा राहतात आणि पुष्कळदा मूल दोन-तीन दिवसांत घरी येते. आज यंत्रमानवाचे हातही या कामाला लावतात आणि काही दुर्बिणींच्या टोकालाच कॅमेरा असतो. तरी काचेच्या कांड्यांची सरळ दुर्बीण अजून ठिकठिकाणी रोजच्या कामात आहे.

आपण आजीआजोबांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सोनोग्राफीत गर्भाचे मूत्रपिंड थोडे फुगलेले दिसले म्हणजे ऑपरेशन ठरलेच असे नाही. अशी पुष्कळ बाळे नुसत्या देखरेखीवर आपोआप बरी होतात. अगदी तान्ह्या बाळात लहानसा छेद घेऊन केलेली जुन्या पद्धतीची शस्त्रक्रियाही उत्तम ठरते. छिद्र लहान म्हणून निर्णय लहान होत नाही. दुर्बीण उपलब्ध आहे, तेव्हा ती वापराच, असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. पण मुलग्याची धार बारीक येत असेल, लघवी थेंबथेंब होत असेल किंवा पुनःपुन्हा ताप येत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. त्या दिवसांची किंमत मूत्रपिंडाला मोजावी लागते.

१९६७ मध्येच हॉपकिन्स रेडिंग विद्यापीठात प्रकाशशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९८४ मध्ये तेथूनच निवृत्त झाले. मोठमोठ्या प्रशासकीय पदांची बोलावणी आली, ती त्यांनी नाकारली. शिकवणे आणि संशोधन यांत त्यांचा जीव होता, आणि शिक्षक म्हणून त्यांचा लौकिक मोठा होता. लेसरने वाचल्या जाणाऱ्या तबकड्यांच्या प्रकाशशास्त्राचे गणितही त्यांनी मांडले. ज्या सीडीवर आपण वर्षानुवर्षे गाणी ऐकली, तिच्या घराण्यातही त्यांचा हात आहे. १९७३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९८४ मध्ये त्यांना सोसायटीचे रम्फर्ड पदक मिळाले. शल्यविशारदांच्या संस्थांनी सुरी न धरणाऱ्या या माणसाला मानाने आपल्यात बसवले.

त्यांच्या दोन्ही मोठ्या वैद्यकीय कामांची सुरुवात एकेका डॉक्टराच्या गाऱ्हाण्यातून झाली. गेन्सबरो आणि गाऊ यांना आपल्या साधनाची लाज वाटली नाही, त्यांनी ते अपुरे पडते असे मोकळेपणाने दुसऱ्या विषयाच्या माणसाला सांगितले. आणि त्या माणसाने, हे माझे काम नव्हे, असे म्हटले नाही. आपल्याकडे इंजिनियर एका गल्लीत आणि डॉक्टर दुसऱ्या गल्लीत राहतात. एकमेकांच्या लग्नाला जातात, जेवायला शेजारी बसतात, आणि बोलतात ते मुलांच्या प्रवेशाविषयी आणि जागेच्या भावाविषयी. त्या पंगतीत एखाद्याने आपल्या कामातली खरी अडचण सांगितली आणि शेजारच्याने ती घरी नेली, तर कुठल्याशा बाळाचे मूत्रपिंड वाचण्याचा रस्ता तिथूनही निघू शकेल.